कॅलिफोर्नियात भाड्याची बिल्डिंग घेताय? आधी मॅनेजरचं बघा

कॅलिफोर्नियात भाड्याने द्यायला बिल्डिंग घेताय तर आधी अपार्टमेंट मोजा. १६ किंवा जास्त असतील आणि तुम्ही स्वतः तिथे राहणार नसाल तर एक जबाबदार माणूस त्याच आवारात राहायला ठेवावाच लागतो, मॅनेजर असो नाहीतर जॅनिटर, पण राहायला तिथेच पाहिजे, फोनवरून सांभाळतो म्हणून भागत नाही. एकाच सलग प्लॉटवर तुमच्याच दोन-तीन बिल्डिंगी असतील तर एक माणूस पुरतो. अपार्टमेंट ४ पेक्षा जास्त पण १६ पेक्षा कमी असतील आणि तुम्ही तिथे राहत नसाल तर मालकाचं किंवा एजंटचं नाव-पत्ता ठळक दिसेल असं लावायचं, बस.

खरी गोची पगाराची. "राहायला घर दिलंय ना, मग पगार कशाला" असं बरेच जण धरून चालतात आणि ते साफ चूक आहे, तो तुमचा कर्मचारीच, म्हणजे किमान वेतन आलं, वर्कर्स कॉम्प इन्शुरन्स (कामावर इजा झाली तर भरपाई देणारा विमा) आला. भाडं पगारात वळतं करायचं तर त्याच्या राजीखुशीने लेखी करार हवा आणि तेही ठरलेल्या मर्यादेतच. नाहीतर पूर्ण पगार द्या आणि बाजारभावाच्या दोन तृतीयांशपर्यंत भाडं घ्या, लेखी करार इथेही लागतोच. मला हा दुसरा मार्ग जास्त स्वच्छ वाटतो.

आणि तास रोजच्या रोज लिहून घ्या. रात्री ११ ला कुणाचा पाइप फुटला, पाऊण तास गेला, तर तो पाऊण तास कामाचाच.