वाड्यातला रुमाल सोडताना

गावातल्या इतिहास मंडळाकडे जुने कागद बहुधा वाडा पाडायला निघाला की येतात. माळ्यावर नाहीतर फडताळात एखादा दप्तराचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, निघतो. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढणारे वि. का. राजवाडे असेच रुमाल शोधत गावोगाव हिंडले. अजूनही कितीतरी घरांत ते पडून आहेत.

रुमाल मिळाला की लगेच सोडू नका. आधी गाठीचे, कापडाचे, वरच्या चिठ्ठीचे फोटो काढा. आतला क्रम हाही पुरावा असतो. एका वादाचे, एका गावाचे कागद कुणीतरी मुद्दाम एकत्र बांधलेले असतात. ते विषयवार लावले की संदर्भ कायमचा जातो. म्हणून आहे त्याच क्रमाने, कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने बारीक आकडा घालत जा.

मालकाला कागदांची संख्या लिहून दोन प्रतींत पोचपावती करा आणि एक त्यांच्याकडे राहू द्या. जमिनीचे जुने वाद उकरले जातील अशी भीती लोकांना असते. फोटो काढून मूळ कागद परत देऊ, असं लेखी दिलं तर काम सोपं होतं.

साफसफाई कोरड्या मऊ कुंचल्यानेच, मधून कडेकडे. मोडी अक्षरांवर कधी कधी बारीक वाळू चमकते. बोरूची शाई सुकावी म्हणून टाकलेली ती वाळू घासून काढू नका, अक्षरही निघेल. काजळीची शाई पाण्याने ओघळते, तेव्हा ओलं फडकं नको आणि बोटाला थुंकी लावून पान उलटणंही नको. चिकटपट्टीचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर कधीच नको, ते सोडवता येत नाही. लांब कागद तुकडे जोडून केलेले असतात. जोड सुटत असला तरी ओढू नका. पाठीमागे सांध्यावर शिक्का असू शकतो. फोटो दोन्ही बाजूंचे काढा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, कडेला मोजपट्टी ठेवून.

सगळ्यात जास्त चुका तारखेत होतात. पेशवाईतल्या पत्रांत शुहूर सन, म्हणजे तेव्हाची एक वर्षगणना, अरबी शब्दांत येतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. हा सन मृगाला बदलतो. त्यामुळे इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राला ६००. पानिपत जानेवारीतलं, म्हणून ११६१ अधिक ६००, १७६१. सरसकट ५९९ मिळवले तर पानिपत एक वर्ष आधी जाऊन बसतं! ‘छ’ म्हणजे चंद्र, त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख येते. महिना लागला नाही तर दोन्ही इसवी सनं लिहून ठेवा, अंदाजाने एक निवडू नका.

परत बांधायला कोरा मांजरपाट घ्या, पण आधी दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ घालवा. कसर त्या खळीवरच येते. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नका. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी उघडून पाहा. कुबट वास आला तर आधी भिंतीची ओल तपासा.