पन्नास फ्रेमचे चित्रीकरण ब्लू-रे डिस्कवर उतरवताना

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक १०८०पी (प्रत्येक फ्रेममध्ये १०८० ओळींचे पूर्ण चित्र), सेकंदाला ५० फ्रेम या वेगाने टिपली, तर काठ्यांचा डोलही सलग दिसतो; परंतु ब्लू-रेच्या मूळ मानकात हा प्रकार बसत नसल्याने, ती फाइल जशीच्या तशी डिस्कवर टाकल्यास अनेक प्लेअर ती नाकारतात.

अशा वेळी फ्रेम निम्म्या करून २५वर आणू नयेत, कारण त्याने हालचाल तुटक होते. त्याऐवजी १०८०आय, म्हणजे ओळी आलटून-पालटून दाखवणारा प्रकार, निवडावा. यात एका फ्रेममधील विषम ओळी आणि पुढच्या फ्रेममधील सम ओळी एकत्र विणल्या जातात, त्यामुळे सेकंदाला ५० क्षण कायम राहतात. क्रम ‘टॉप फील्ड फर्स्ट’, म्हणजे विषम ओळींचा संच आधी, असा ठेवावा. तो उलटला की चालणारी माणसे मागेपुढे थरथरतात. ध्वजावरील बारीक पट्ट्या लुकलुकत असतील, तर उभ्या दिशेने किंचित मऊपणा द्यावा. ७२०पी५० (७२० ओळींच्या पूर्ण फ्रेम, सेकंदाला ५०) हाही मान्य पर्याय आहे, मात्र त्यात बारकावे घटतात.

एच.२६४ या व्हिडिओ आकुंचन पद्धतीत सेकंदाला २५ मेगाबिट वेग ठेवल्यास २५ जीबीच्या डिस्कवर सुमारे दोन तास मावतात. पहिली प्रत पुसता येणाऱ्या बीडी-आरई डिस्कवर काढून घरच्या प्लेअरवर तपासावी, आणि मूळ फाइली मुळीच पुसू नयेत.