धूम्रपान सोडताना मोबाईलची मदत कशी घ्यावी

सिगारेटची किंवा विडीची तलफ बहुधा काही मिनिटांतच ओसरते. तेवढी मिनिटे निभावून नेण्यासाठी मोबाईल फार उपयोगी पडतो, मात्र त्याची तयारी सोडण्याच्या दिवसाच्या आठवडाभर आधी सुरू करावी.

त्या आठवड्यात ओढलेल्या प्रत्येक सिगारेटची वेळ आणि जागा मोबाईलमध्ये टिपून ठेवावी: ‘सकाळी ७.१०, गाड्यावर, चहानंतर’, ‘संध्याकाळी ६.४०, रायबंदरच्या धक्क्यावर, चोडणची फेरीबोट यायची होती’. अशा नोंदींवरून तलफेच्या ठरलेल्या वेळा आपोआप कळतात. त्या प्रत्येक वेळेच्या पाच मिनिटे आधी गजर लावावा आणि गजराच्या नावात नेमके काय करायचे ते लिहावे, जसे ‘फेरी येईपर्यंत ताईला फोन’. ‘धूम्रपान घातक आहे’ हे प्रत्येक पाकिटावर लिहिलेलेच असते. गजरात तेच पुन्हा लिहून काही साधत नाही. ताईलाही आधीच सांगून ठेवावे की त्या वेळी उपदेश नको, नुसत्या गप्पा हव्यात.

त्याच आठवड्यात १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेच्या क्रमांकावर फोन करावा. २०१६ साली सुरू झालेली ही सेवा निःशुल्क असून तिचा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरही छापलेला असतो. तेथील समुपदेशकाशी बोलून सोडण्याची तारीख ठरवता येते.

मोबाईलवर येणाऱ्या धीराच्या संदेशांचाही सवय सोडताना उपयोग होतो, याला आधार आहे. ब्रिटनमध्ये सुमारे ५,८०० जणांवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत धीर देणारे संदेश मिळालेल्यांपैकी १०.७ टक्के लोक सहा महिन्यांनंतर धूम्रपानमुक्त होते. इतरांत हे प्रमाण ४.९ टक्के होते. म्हणजे यश दुपटीहून अधिक असले, तरी संदेश मिळूनही बहुतेकांची सवय सुटली नव्हती. म्हणून ज्यांना उठल्या उठल्या सिगारेट लागते, त्यांनी केवळ मोबाईलवर विसंबू नये आणि निकोटिनच्या च्युइंगगमविषयी जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना अवश्य विचारावे.

पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो. त्यात एखादी सिगारेट ओढली गेलीच, तर गजर बंद न करता त्याच दिवशी ताईला तसा संदेश पाठवावा आणि पुढची वेळ सांभाळावी. दोन-चार आठवड्यांत चिडचिड व अस्वस्थता कमी होते. तेव्हा रोजचे गजर कमी करावेत, पण चतुर्थी, गावची जत्रा आणि मित्रांबरोबरच्या बारमधल्या बैठकीच्या दिवसांचे मात्र आत्ताच लावून ठेवावेत.