फिशफाइंडर बिघडत नाही हो, जॉइंट सडतो

३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, बोटी शाकारून वर ओढलेल्या, म्हणजे फिशफाइंडर (पाण्याची खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) आणि जीपीएसच्या वायरिंगला हात घालायला हेच दिवस बरे. सेट बंद पडला की आपण कंपनीला शिव्या घालतो, पण खारी हवा आधी शिरते ती वायरीच्या जॉइंटात.

माझाच शहाणपणा सांगतो. पाणी जाऊ नये म्हणून मी जॉइंटवर बाथरूमचं सिलिकॉन थापलं होतं. मग काय, इंजिनाला स्टार्टर मारला की सेट बंद होऊन परत चालू व्हायचा, अख्खा सीझन मी बॅटरीला दोष देत बसलो आणि शेवटी जॉइंट कापला तर आत हिरवी भुकटी, वायर बोटभर सोलली तरी तांबं काळंच. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सुकताना ॲसिड सोडतं आणि तेच तांब्याला खातं, हे नंतर कळलं.

तर आधी बॅटरीची वायर काढा, मग चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा, नाहीच लागलं तर सरळ वायर बदला. नवी घेताना कल्हई केलेली घ्या, आतल्या तारा चंदेरी दिसतात, महाग आहे पण पितळी भांड्याला कल्हई का करायचे ते आठवा. जॉइंट क्रिम्प करून (धातूच्या टोपीत वायरी घालून पकडीने दाबून) वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, चढवा, नुसती काळी टेप उन्हात सुटते. सेटची लाईन थेट बॅटरीवरून वेगळी आणा, पंपाच्या लाईनला जोडू नका, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच.

सेटवर आयपीएक्स ७ (पाण्यात टिकण्याचा दर्जा) लिहिलंय म्हणून पाइपाने धुऊ नका, ती टेस्ट १ मीटर साध्या पाण्यात ३० मिनिटांची असते, जोराच्या फवाऱ्याची नाही. गोड्या पाण्याचं ओलं फडकं पुरे. थिनर तर अजिबात नको.

ट्रान्सड्यूसरवर, म्हणजे बोटीच्या बुडाला बसवलेल्या, पाण्यात आवाज सोडून खोली मोजणाऱ्या भागावर, चिकटलेल्या शिंपल्या प्लॅस्टिकच्या कार्डाने काढा, कोयती लावू नका, आणि बुडाला रंग मारताना त्याच्यावर जाड थर देऊ नका. किनाऱ्यावर चालू करून खोली दिसत नाही म्हणून घाबरू नका, हवेत ती दिसणारच नाही.

व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) असेल तर अँटेनाचा कनेक्टरही उघडून बघा, संकटात चॅनल १६ वर हाक मारायची वेळ येईल तेव्हा तोच दगा देतो.

आणि सेट उघडण्याआधी जीपीएसमध्ये मार्क केलेल्या जागा वहीत उतरवा. पण नीट. १७ अंश ४८.३० मिनिटं म्हणजे ४८ मिनिटं ३० सेकंद नव्हे, १८ सेकंद होतात, तिथे चुकलात तर जागा सुमारे ३७० मीटर सरकते, आणि खडकाच्या बाजूला सरकली तर जाळं गेलंच.