खाटेशेजारचा रियाज: संगीतोपचारकांनो, या चुका टाळा

मिरजेत तंबोरे-सतारी बनतात आणि दवाखानेही पावलोपावली. इथल्या गाणाऱ्या पोरांना संगीतोपचार शिकावासा वाटला तर नवल नाही. पण विशारद झालो म्हणजे तयारी झाली, असं समजू नका. मैफलीचा रियाज इथे पुरत नाही.

सगळ्यात जास्त घोळ पट्टीचा, म्हणजे सूर किती उंच किंवा खाली धरायचा याचा होतो. गाणारीची काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) ठरलेली असते आणि समोरच्या आजींचा आवाज वयाने खाली उतरलेला. त्या दोन ओळी ओढून गातात, मग गप्प बसतात. आपल्याला वाटतं, त्यांना गोडी नाही. आधी त्यांना गुणगुणू द्या, त्यांचा सा पेटीवर शोधा आणि तिथूनच सुरुवात करा. त्यासाठी घरी एकच अभंग चार-पाच पट्ट्यांत, पेटीकडे न बघता वाजवायची सवय लावा. नजर पेटीवर खिळली की आजींचे हलणारे ओठ दिसतच नाहीत.

तबल्याचं ॲपही बाजूला ठेवा, ते रुग्णासाठी थांबत नाही. अर्धांगानंतर चालायला शिकणाऱ्याची पावलं आधी मोजा, त्याच लयीत ठेका धरा. पाऊल स्थिरावल्यावर, फिजिओथेरपिस्टला विचारूनच लय किंचित वाढवा. अस्वस्थ माणसापुढेही एकदम संथ आलाप नको. आधी त्याच्या गतीशी जुळवा, मग हळूहळू उतरवा. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ इरा अल्टशुलर यांनी १९४०च्या दशकात मांडलेलं ‘आयसो’ तत्त्व हेच सांगतं.

वाचा गेलेल्या रुग्णासोबत ओळखीच्या ओळीचा शेवटचा शब्द त्याने गावा म्हणून मोकळा सोडायचा असतो. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर यायची सवय अंगात इतकी मुरलेली असते की तो शब्द आपणच गाऊन टाकतो. थांबा. सम गेली तरी जाऊ द्या. बोलता न येणाऱ्या कित्येकांना गाण्यातला शब्द मात्र सापडतो, फक्त उशिरा.

अमुक रागाने रक्तदाब, तमुक रागाने मधुमेह, असले फिरणारे तक्ते पाठ करू नका. तोच वेळ जात्यावरच्या ओव्या, भजनं आणि जुनी सिनेमाची गाणी बसवायला द्या. बालगंधर्वांचं नागठाणे याच जिल्ह्यातलं, तेव्हा चार नाट्यपदं हवीतच.

एवढं करूनही साथ मिळत नसेल तर लगेच गाणं बदलू नका. पट्टी अजून उतरवा, पेटीचा आवाज कमी करा. आणि रुग्णाच्या कानातलं मशीन चालू आहे ना, हे घरच्यांना विचारा.