कोल्हापुरात स्टार्टअप काढताय? मग कट्ट्याबाहेरच्या ओळखी अशा वाढवा

कोल्हापुरात माणसाला ओळखी कमी पडतात असं कुणी म्हणलं तर लोक हसतील. प्रत्येकजण कुठल्यातरी तालमीचा नाहीतर मंडळाचा असतोय, फुटबॉलच्या सीझनला त्यावरनं भांडणंपण होतात, कुठं काम अडलं की 'आपला माणूस' निघतोय आणि उरलेले सगळे लग्नात पाहुणे म्हणून भेटतात. पण स्टार्टअप काढलेल्या एखाद्याला विचारा की बाबा पहिले कस्टमर कुठनं आणणार, तर तो रंकाळ्यावर रोज बसणाऱ्या त्याच चार दोस्तांकडं बघतो. ते चौघं जीव लावतील, रात्री दोनला गाडी घेऊन येतील, त्यात वादच नाही. पण तुम्हाला जे माहितीय तेच त्यांना माहितीय, कारण पेठ तीच, कॉलेज तेच, व्हॉट्सॲप ग्रुपही तोच. फाउंडरला जी माहिती पाहिजे असते ती बहुतेक वेळा अशा माणसाकडं असते ज्याच्याशी आपली नुसती तोंडओळख आहे.

हे मी मनाचं सांगत नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याच्याकडनं ही नोकरी कळली त्याला तुम्ही त्यावेळी किती वेळा भेटत होता. ओळखीतनं नोकरी मिळालेल्यांपैकी १६.७ टक्के म्हणाले वारंवार, ५५.६ टक्के म्हणाले अधूनमधून आणि २७.८ टक्के म्हणाले क्वचितच, हे १९७३ सालचे आकडे. पुढं २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटी युजरवर अभ्यास झाला, त्यातपण कच्च्या ओळखीच जास्त उपयोगी पडल्या, फक्त अगदीच नावापुरती ओळख असून चालत नाही, थोडा धागा पाहिजे. दोन्ही अभ्यास नोकरीचे आहेत, धंद्याचे नाहीत हे मान्य, पण कारण दोन्हीकडं तेच आहे, लांबचा माणूस वेगळ्या लोकांत उठतो बसतो म्हणून त्याच्याकडं वेगळी बातमी असते.

तर सुरुवात कशी करायची? आधी घरी बसून यादी करा. माणसांची नको, प्रश्नांची करा. समजा तुम्ही फौंड्रीतल्या इंडक्शन भट्टीला लावायचं मीटर आणि त्याचं सॉफ्टवेअर करताय, दर हीटला (म्हणजे भट्टीच्या एका वितळणीला) किती युनिट गेले ते मालकाला मोबाईलवर दिसतं. एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ७०० युनिट वीज लागते, म्हणजे फौंड्रीवाल्यासाठी विषय हार्ड आहे, गरज खरी आहे. पण तुम्हाला माहिती नाही ते असं: घ्यायचं की नाही हे ठरवतं कोण, मालक, बाहेरनं शिकून आलेला त्याचा मुलगा, का मेंटेनन्स बघणारा माणूस? वीजबिल कोण तपासतं? असलं काहीतरी आधी बसवून धूळ खात पडलंय का आणि का पडलंय? भट्टी बंद कधी मिळते की आपण जाऊन वायर जोडू? यातलं एकपण उत्तर गुगलवर मिळत नाही, आणि मिळालं तरी ते आपल्या शिरोलीच्या कारखान्यांचं नसतं. प्रत्येक प्रश्नासमोर लिहा की हे कुणाला माहिती असेल, नाव नाही सुचलं तर नुसतं 'फौंड्रीत मेल्टिंग बघणारा सुपरवायझर' असं लिहा. आता तुम्हाला कळलं की कुणाला शोधायचंय. अशी यादी न करता कार्यक्रमाला गेलात तर पंधरा व्हिजिटिंग कार्ड आणि एक समोसा घेऊन परत याल.

जायचं कुठं, तर आपल्याकडं जागा कमी नाहीत. शिवाजी उद्यमनगरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आहे, गोकुळ शिरगावच्या कारखानदारांची गोशिमा, शिरोलीवाल्यांची स्मॅक, फौंड्रीवाल्यांच्या इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनची कोल्हापूर शाखा, सॉफ्टवेअरवाल्यांची आयटी असोसिएशन. तरुण फाउंडर इकडं फिरकत नाहीत, त्यांना वाटतं तिथं सगळे सफारी घातलेले काका असणार आणि जीएसटीवर भाषण असणार. असतंय पण तसं बऱ्याचदा! पण वीस-तीस वर्षं कास्टिंग विकणारा माणूस त्याच हॉलमध्ये तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो आणि कुणीतरी पोरगं आपल्या धंद्याबद्दल मनापासून विचारतंय म्हणलं की तो खुलून बोलतो. स्टार्टअपच्या नावानं होणाऱ्या कार्यक्रमांत उलटं असतं, तिथं सगळेच फाउंडर, सगळेच विकायला आलेले, घेणारा कुणीच नाही. माझं मत विचाराल तर कस्टमर जिथं बसतो तिथं जास्त जा आणि फाउंडर जिथं बसतात तिथं कमी, साधारण तीनास एक धरा.

अशा ठिकाणी नवीन माणसाला आत शिरायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे काम मागणं. सेमिनार असेल तर 'सर, रजिस्ट्रेशनच्या टेबलावर मी बसू का' विचारा. येणारा प्रत्येकजण तुमच्याकडं नाव सांगूनच आत जातो, तुम्हाला स्वतःहून कुणाशी बोलायचं टेन्शन नाही, आणि आयोजकांना तुमचं नाव लक्षात राहतं. लाजाळू माणसासाठी तर हे एक नंबर आहे.

बोलताना इन्व्हेस्टरला मारायचं ते इंग्लिश पिच इथं मारू नका. 'आम्ही एआय बेस्ड एनर्जी ॲनालिटिक्स प्लॅटफॉर्म' असं काय सुरू केलं की समोरचा मान हलवतो आणि चहाकडं बघतो. 'भट्टीला दर हीटला किती युनिट गेले ते दाखवणारं मीटर करतोय, दोन ठिकाणी बसवून बघितलंय' एवढंच बोला आणि लगेच यादीतला एक प्रश्न टाका. दहा मिनिटांत तुम्ही दोन मिनिटं बोलला असाल तर बरोबर चाललंय. आणि पहिल्या भेटीत विकू नका, खरंच नका, गाठ पडल्या पडल्या ब्रोशर काढणाऱ्याचा फोन कुणी परत उचलत नाही.

आता मागायचं कसं, कारण निम्मे लोक इथं गडबडतात. 'सर तुम्ही माझे मेंटर व्हाल का' हे विचारणं म्हणजे समोरच्यावर किती वेळ आणि काय काम येणार याचा पत्ता नसलेलं ओझं टाकणं, तो हो म्हणतो आणि गायब होतो. त्यापेक्षा एक बारीक, मोजकं काम मागा. 'तुमच्या मेल्टिंग सुपरवायझरशी वीस मिनिटं बोलता येईल का, कारखान्यात येतो, तुमच्या सोयीनं' हे कुणी नाही म्हणत नाही सहसा. तिसऱ्या माणसाकडं ओळख करून हवी असेल तर मेसेज तुम्हीच लिहून द्या म्हणजे मधल्या माणसाला नुसतं फॉरवर्ड करायचं राहील. असा काहीतरी:

'काका नमस्कार. शिरोलीतल्या त्या फौंड्रीच्या मालकांशी ओळख करून द्याल का? त्यांच्या भट्टीवर पंधरा दिवस फुकट मीटर लावून बघायचंय, उत्पादन थांबवायला लागणार नाही. आधी त्यांना विचारून घ्या, ते हो म्हणाले तरच माझा नंबर द्या, नाही म्हणाले तरी काही अडचण नाही.'

शेवटची ओळ गाळू नका. न विचारता नंबर दिला की मधल्या माणसाचा मान जातो, आणि एकदा गेला की तो परत तुमच्यासाठी शब्द टाकत नाही. काम झालं किंवा नाही झालं, मधल्याला फोन करून सांगा, हे तर नव्वद टक्के लोक विसरतात (आकडा माझ्या अंदाजाचा, पण विचारून बघा कुणालापण).

भेटून आलात की त्याच रात्री नंबर सेव्ह करताना नावापुढं कुठं भेटले आणि काय बोलणं झालं ते टाका, नाहीतर महिन्यानं 'पाटील साहेब ७' असं नाव बघून डोक्याला हात लावाल, कोल्हापुरात पाटील किती ते तुम्हाला सांगायला नको. कुठली लिंक, कुणाचा नंबर पाठवतो म्हणला असाल तर दुसऱ्या दिवशी जेवायच्या आत पाठवा. मग एक साधी एक्सेल करा, नाव, काम, शेवटचं बोलणं कधी झालं, पुढं काय. दोन-तीन महिन्यांतनं एकदा काहीही न मागता एखादा कामाचा मेसेज टाका. गुड मॉर्निंगचं फूल नको! वीजदराचा नवीन आदेश आला, त्यांच्या लाईनचं कुठं प्रदर्शन आहे, असलं काहीतरी.

'पण माझ्याकडं द्यायला काय आहे' हा प्रश्न येतोच. लई काय काय आहे. जुन्या कारखानदाराला परदेशातल्या चौकशीच्या ईमेलला नीट इंग्लिशमध्ये उत्तर लिहून पाहिजे असतं, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर नोंदणी अडलेली असते, इंटर्नशिपला बरी पोरं पाहिजे असतात. तुमच्या तासाभराच्या कामानं त्यांचं महिनाभर अडलेलं काम सुटतं. फक्त कायमचे फुकट आयटीवाले होऊ नका, दोनदा करा, तिसऱ्यांदा त्यांच्याच माणसाला शिकवून या.

असोसिएशनची ताकद काय असते याचं उदाहरण आपल्या चपलेचंच आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत इटलीच्या प्राडा कंपनीनं कोल्हापुरीसारखी दिसणारी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही. या चपलेला २०१९ पासून जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. सोशल मीडियावर राडा झाला तो झालाच, पण महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं कंपनीला रीतसर पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं, डिझाईनची प्रेरणा भारतीय हस्तकलेतली आहे हे कंपनीनं मान्य केलं आणि जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. सुभाषनगरातल्या एकट्या कारागिरानं पत्र टाकलं असतं तर ते मिलानमध्ये कुणी उघडलं तरी असतं का? म्हणून मेंबरशिपची फी बघून नाक मुरडू नका, अर्थात मेंबर होऊन घरी बसलात तर ती फी पाण्यात.

पैशाच्या बाबतीतपण तेच. केंद्राची २०२१ ची स्टार्टअप सीड फंड योजना बघा, त्यात प्रोटोटाइपसाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि पुढं बाजारात उतरायला कर्ज किंवा कन्व्हर्टिबल डिबेंचरच्या (नंतर शेअरमध्ये बदलता येणाऱ्या कर्जाच्या) रूपात ५० लाखांपर्यंत अशी रचना होती, पण पैसे सरकारकडनं थेट येत नव्हते, इन्क्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणाऱ्या संस्थेमार्फत) येत होते आणि निवडही तिथलीच कमिटी करत होती. राज्याच्या स्टार्टअप वीकमध्ये निवडलेल्या स्टार्टअपला सरकारी वर्क ऑर्डर मिळते, तिथंपण आधी जाऊन आलेल्या फाउंडरशी अर्धा तास बोललात तर फॉर्ममध्ये काय लिहायचं आणि ऑर्डरनंतर कुठल्या टेबलाला फाईल फिरते हे कळतं. त्यामुळं इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या आणि विद्यापीठाच्या इन्क्युबेशन सेंटरला अर्ज करायची वेळ यायच्या आधीच जाऊन या. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर आणि सीओईपीचं भाऊ इन्स्टिट्यूट ही नावं लक्षात ठेवा. पुण्याला जायचं तर एका मीटिंगसाठी जाऊ नका, आधी चार फोन करून चार भेटी ठरवा आणि मगच निघा, हायवेच्या कामात अडकलात तर किती वेळ जातो ते आपल्याला माहितीच आहे.

ओळखीचा आणखी एक फायदा कुणी उघड बोलत नाही, उधारी कोण थकवतं ते आधीच कळतं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असा कायदा आहे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. पण पहिल्याच मोठ्या कस्टमरवर कोण तक्रार करणार? त्यापेक्षा ऑर्डर घ्यायच्या आधी त्याच कंपनीला माल देणाऱ्या दोघांना फोन करा आणि 'पेमेंट कसं आहे हो' एवढंच विचारा. लोक खरं सांगतात, लिहून मात्र देत नाहीत, म्हणून ओळख लागते.

आयडिया चोरतील म्हणून गप्प बसणारे फाउंडर मी बरेच बघितलेत. चहावर बसलेला माणूस एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सही करत नाही आणि करायची गरजपण नसते, प्रॉब्लेम सांगा, ड्रॉइंग आणि कोड दाखवू नका. खरंच नवीन यंत्र असेल तर मात्र प्रदर्शनात मांडायच्या आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता पेटंट अर्ज टाका, कारण आधी जगजाहीर केलं की पेटंट अडतं. स्टार्टअपला ऑनलाईन फी १६०० रुपये आहे आणि पूर्ण अर्जाला पुढं १२ महिने मिळतात.

पैसे भरून दर आठवड्याला सकाळी भेटणारे रेफरल ग्रुप असतात, त्याबद्दल बरेच विचारतात. सीए, इंटिरिअर, प्रिंटिंग, इन्शुरन्सवाल्यांना त्याचा उपयोग होतो, ज्याचा कस्टमर कारखान्यात बसलाय त्यानं दोनदा पाहुणा म्हणून जाऊन बघावं आणि मग ठरवावं. 'बिझनेस अपॉर्च्युनिटी' म्हणून हॉटेलात बोलावून आपल्या खाली माणसं जोडायला सांगतात तिथं चहापण पिऊ नका.

बायकांसाठी यातलं बरंच अवघड होतं हे मान्य करायला पाहिजे. कट्टा पुरुषांचा, बऱ्याच भेटी रात्री हॉटेलात जेवणावर. मला वाटतं ताई, सरळ सांगावं की मी दुपारी कारखान्यात किंवा असोसिएशनच्या ऑफिसात भेटते, आणि भेट ठरवणाऱ्यांनीपण रात्रीच्या जेवणाचा हट्ट सोडावा, धंद्याचं बोलणं तांबड्या-पांढऱ्याशिवायही होतं.

राहिलं उत्तर न देणाऱ्यांचं. मेसेज वाचून गप्प बसणारे पुष्कळ भेटतील. आठवड्यानं एकदा आठवण करा, त्यातपण नवीन काहीतरी सांगा, तरी गप्प असेल तर सोडून द्या आणि यादीतल्या पुढच्याला फोन लावा. तो माणूस नंतर एखाद्या लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलाच तर मीटरचा विषय काढू नका, जेवू द्या त्याला, बहुतेक तोच विचारेल.