परराज्यातून बंदूक मागवताय? कराच्या या चुका टाळा

मुंबईच्या वेशीवर जकातीसाठी ताटकळलेले ट्रक ज्यांनी पाहिलेत, त्यांना कॅलिफोर्नियाचा यूज टॅक्स समजायला वेळ लागू नये. माल बाहेरून आला, हद्दीत वापरायचा आहे, मग हद्दीचा कर भरा. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली. इथला यूज टॅक्स १९३५ पासून ठाण मांडून आहे. फक्त इथे नाका नाही. ऑरेगनमध्ये विक्रीकरच नाही, म्हणून तिथून लॅपटॉप आणलात तर कोणी डिकी उघडायला लावत नाही. हिशेब तुम्हीच करायचा आणि तुम्हीच भरायचा.

बंदुकीला मात्र नाका आहे. तो म्हणजे तुमच्या गावातला परवानाधारक दुकानदार, ज्याला सगळे ‘एफएफएल’ म्हणतात. बहुतेक चुका हे न कळल्यामुळेच होतात.

त्याआधी एक गोष्ट, कारण दिवाळीच्या पार्टीत दर वर्षी कोणीतरी विचारतंच. एच-१बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्यानुसार बंदूक बाळगताच येत नाही. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर वकिलाला न विचारता खरेदी करू नका. ग्रीन कार्ड हाती आल्यावर ही अडचण राहत नाही. कराचा प्रश्न त्यानंतरचा.

गाडीत घालून आणणे

‘नेवाडात घेतो, तिथेच पैसे देतो, रात्री घरी.’ ही कराची चूक नाही, गुन्हा आहे. पिस्तूल दुसऱ्या राज्यातल्या रहिवाशाच्या हाती द्यायला १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनेच मनाई केली. लांब नळीच्या बंदुकांना केंद्राची थोडी सूट आहे, पण कॅलिफोर्नियाने २०१५ पासून तीही वाट अडवली. बाहेर घेतलेली बंदूक इथल्या दुकानदाराकडेच यावी लागते. वारसाहक्क आणि जवळच्या नात्यातली देवाणघेवाण यांना वेगळे नियम आहेत. पिस्तुलाच्या बाबतीत राज्याची मंजूर यादीही आधी बघा. यादीबाहेरचं मॉडेल दुकानदार तुम्हाला देऊ शकणार नाही, मग परत पाठवण्याचा खर्च तुमच्याच माथी.

वेबसाइटवरचा आकडा शेवटचा समजणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. समजा, ॲरिझोनातल्या छोट्या विक्रेत्याकडे पिस्तूल ८०० डॉलरला दिसलं आणि त्याने कॅलिफोर्नियाचा कर लावला नाही. तुम्ही खूश. पण विक्रेता इथे नोंदलेला नसेल तर माल तुमच्या हाती देणारा स्थानिक दुकानदारच कराच्या दृष्टीने किरकोळ विक्रेता धरला जातो, आणि तुम्ही मोजलेल्या किमतीवर तो कर वसूल करतो. राज्याचा मूळ दर ७.२५ टक्के, म्हणजे ५८ डॉलर. काउंटी आणि शहराची भर पडून दर ९.२५ टक्के झाला तर ७४. शिवाय पार्श्वभूमी तपासणीचं राज्याचं शुल्क ३७ डॉलर १९ सेंट, आणि दुकानदाराची हस्तांतरणाची फी. ही फी दुकानागणिक बदलते. शेजारच्या दुकानात तेच पिस्तूल ८४० ला होतं, हे मग आठवतं. माझ्या पहिल्या शॉटगनच्या वेळी मी हेच केलं, आणि वर दुकानदाराशी वादही घातला. चूक माझी होती.

१ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात बंदुका, त्यांचे काही सुटे भाग आणि काडतुसांवर ११ टक्के वेगळा उत्पादन शुल्कासारखा करही आहे. कायद्याने तो दुकानदारावर आहे, पण बिलात तो गिऱ्हाइकाच्या वाट्यालाच येतो. मागवण्याआधी दुकानात फोन करा आणि ‘बाहेरून आलेल्या मालावर तुम्ही काय काय लावता, एकूण किती होईल?’ असं सरळ विचारा.

एकाच बंदुकीवर दोनदा कर भरणे

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या वेफेअर निकालानंतर मोठे ऑनलाइन विक्रेते स्वतःच ग्राहकाच्या राज्याचा कर घेतात. कॅलिफोर्नियात वर्षाला ५ लाख डॉलरहून जास्त विक्री करणाऱ्या बाहेरच्या विक्रेत्याला ते बंधनकारक आहे. तुम्ही बिल न घेता गेलात, तर इथला दुकानदार पुन्हा कर लावणार, आणि त्याला दोष देता येत नाही. कराची ओळ वेगळी दिसेल असं बिल छापून न्या. फोनवरचा ऑर्डरचा स्क्रीनशॉट बऱ्याचदा अपुरा पडतो.

पैसे आधीच गेले असतील तर थेट कर विभागाकडे धावू नका. ज्याने कर सरकारजमा केला, परताव्याचा दावा त्यालाच करावा लागतो. म्हणून आधी दुकानदाराला गाठा. विक्रेत्याने चुकून स्वतःच्या राज्याचा कर लावला असेल तर तो त्याच्याकडूनच परत मागा. माल कॅलिफोर्नियात पोचवला गेला, तेव्हा त्या राज्याचा कर सहसा लागायलाच नको होता.

विवरणपत्रातल्या तक्त्यावर विसंबणे

कोणीच कर घेतला नसेल आणि तो लागू असेल, तर राज्याच्या प्राप्तिकर विवरणपत्रात, म्हणजे फॉर्म ५४० मध्ये, यूज टॅक्सची ओळ आहे. सोबतचा अंदाजे तक्ता फक्त १,००० डॉलरहून कमी किमतीच्या वस्तूंसाठी आहे. १,२०० डॉलरची रायफल त्यात मावत नाही, तिचा हिशेब प्रत्यक्ष दराने करायचा.

नोकरी बदलून टेक्सासहून इकडे येणाऱ्यांचं वेगळं. तिकडे वर्षानुवर्षं वापरलेल्या बंदुकीवर इथे कर लागत नाही. मात्र खरेदी करून ९० दिवसांच्या आत ती राज्यात आणली, तर ती इथे वापरायलाच घेतली असं गृहीत धरतात. त्यामुळे सामान बांधता बांधता नवी घेऊ नका. आणि राज्यात आल्यावर ६० दिवसांत तिची नोंद राज्याच्या न्याय विभागाकडे करायची असते. तो कागद कराचा नाही, पण घराच्या शोधात आणि मुलांच्या शाळाप्रवेशात नेमका तोच राहून जातो.